बुलिमिया नर्व्होसा : मानसोपचारांची परिणामकारकता

बुलिमिया नर्व्होसा हा अन्नसेवनाशी निगडित असलेला एक मानसिक विकार आहे. अतिभक्षणाचे वारंवार येणारे अनावर आवेग, त्यांच्या पाठोपाठ वजन वाढू नये म्हणून केलेली वमन, विरेचन, लंघन, अतिव्यायाम यांसारखी भरपाईची कृत्ये आणि स्वतःची योग्यता मुख्यत्वे शरीराचा बांधा व वजन यांवरून ठरविण्याची प्रवृत्ती ही त्याची तीन प्रमुख लक्षणे होत. ‘बुलिमिया’ हा शब्द ‘बैल’ व ‘भूक’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनला असून बैलासारखी प्रचंड भूक असा त्याचा मूळ अर्थ आहे. तथापि या विकाराचे मूळ भुकेच्या आधिक्यात नाही. त्यामुळे मराठीत ज्याला ‘भस्म्या’ म्हणतात त्या अवस्थेशी त्याची गल्लत करणे योग्य नव्हे. भस्म्यात खाल्लेले पुरत नाही अशी कल्पना आहे; बुलिमियात रुग्ण एरवी स्वतःला कसोशीने उपाशी ठेवीत असतो आणि खाल्ल्यावर भय, लाज व अपराधी भावना यांनी ग्रासला जातो.

या विकारावर मानसोपचार हाच प्रमुख उपाय मानला जातो. औषधांचे स्थान दुय्यम आहे. मानसोपचारांच्या परिणामकारकतेचे जे प्रायोगिक संशोधन विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून झाले, त्यात या विकाराविषयीचे संशोधन विशेष काटेकोर असून त्याचे निष्कर्ष उपचारपद्धतींच्या निवडीस मार्गदर्शक ठरले आहेत. सर्व प्रकारचे मानसोपचार सारखेच गुणकारी असतात काय, हा मानसोपचारशास्त्रातील एक जुना वाद आहे. बुलिमियाच्या बाबतीत तरी त्याचे उत्तर बव्हंशी नकारार्थी मिळाले आहे.

विकाराची ओळख : लंडन येथील मानसोपचारतज्ञ जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये ३० रुग्णांच्या निरीक्षणावर आधारलेला एक निबंध प्रसिद्ध केला व त्यात या विकाराला प्रथम स्वतंत्र नाव दिले. त्यांच्या मते हा ॲनोरेक्सिया नर्व्होसा या विकाराचाच एक अनिष्टसूचक प्रकार असून तो उपचारांना दाद देण्याची शक्यता कमी होती. त्यानंतर लवकरच अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनच्या मानसिक विकारांच्या वर्गीकरणग्रंथात त्याचा अंतर्भाव झाला : १९८० च्या आवृत्तीत ‘बुलिमिया’ या नावाने आणि १९८७ च्या सुधारित आवृत्तीत ‘बुलिमिया नर्व्होसा’ या नावाने. २०१३ च्या आवृत्तीनुसार अतिभक्षण व भरपाईची कृत्ये सरासरीने आठवड्यातून किमान एकदा, याप्रमाणे तीन महिने घडत असल्यास हे निदान करता येते. १९९४ च्या आवृत्तीत ही मर्यादा आठवड्यातून दोनदा अशी होती.

ॲनोरेक्सियाचा रुग्ण हाडकुळा झालेला असल्याने तो घरच्यांच्या नजरेतून सुटत नाही. बुलिमियाच्या रुग्णाचे वजन मात्र बहुधा सर्वसाधारण मर्यादेत असते. अतिभक्षण व वमन एकांतात घडते आणि लाजेमुळे त्याची वाच्यता होत नाही. परिणामी रुग्ण उपचारांसाठी येण्यापूर्वी अनेकदा कित्येक वर्षे लोटलेली असतात. विकाराचा प्रारंभ सामान्यतः किशोरावस्थेच्या उत्तरार्धात वा तारुण्याच्या आरंभी होतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. अमेरिकेतील एका राष्ट्रव्यापी पाहणीत (२००७ मध्ये प्रसिद्ध) आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार झालेल्यांचे प्रमाण स्त्रियांत १·५% आणि पुरुषांत ०·५% आढळले.

शारीरिक उपद्रव : वारंवार वमन केल्याने जठरातील अम्लामुळे दातांवरील लुकण झिजते, गालांखालील लालाग्रंथी सुजतात आणि बोटांच्या सांध्यांवर घट्टे वा व्रण दिसू लागतात. या शेवटच्या खुणेला रसेल यांचेच नाव देण्यात आले आहे. वमन व विरेचन यांमुळे रक्तातील पोटॅशियमचे प्रमाण घटते व त्यातून हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता उद्‌भवून प्राणावर बेतू शकते. अन्ननलिकेला चीर पडणे हा विरळा पण गंभीर उपद्रव होय. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणानुसार (२०११) या रुग्णांतील मृत्युमान समवयस्क लोकसंख्येच्या मानाने सु. दुप्पट असते. म्हणून मानसोपचार सुरू करण्यापूर्वी व तो चालू असताना वैद्यकीय तपासणी, विशेषतः रक्तातील क्षारांची तपासणी, आवश्यक असते.

विकार टिकून राहण्याची यंत्रणा : उपचार परिणामकारक का होतो हे समजण्यासाठी विकार कशाच्या बळावर टिकतो हे पाहणे इष्ट ठरते. वजनाविषयीच्या अवाजवी चिंतेमुळे रुग्ण आहाराचे अत्यंत कडक नियम स्वतःवर लादतो : सकाळी काही खावयाचे नाही, गोड वा तळलेल्या पदार्थांना शिवावयाचे नाही इत्यादी. असे नियम फार काळ पाळता येत नाहीत. दीर्घ लंघनाने शरीर व मन या दोहोंवरही अन्नाचा विचार स्वार होतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीझ यांनी ३६ निरोगी पुरुषांवर केलेल्या अर्धोपासमारीच्या प्रयोगात त्यांना अन्नाचा ध्यास लागल्याचे व पुढे पुरेसे अन्न मिळू लागल्यावर त्यांपैकी काहींचा खाण्यावरील ताबा सुटल्याचे आढळले होते. या पुरुषांत वजनाविषयी भय नव्हते. केवळ उपासमारीने हे घडले, ही बाब लक्षणीय आहे.

बुलिमियात एखादा नियम थोडासा जरी मोडला, तरी ‘आता सर्वच संपले’ अशा टोकाच्या विचाराने रुग्ण उरलेला संयम सोडून देतो आणि अतिभक्षणाचा आवेग येतो. दुःख, कंटाळा, एकटेपणा वा भांडण यांमुळेही हा आवेग उद्‌भवतो, कारण अतिभक्षणाने क्षणभर मनाचा ताण हलका होतो. त्यानंतर वजनवाढीच्या भयाने वमन वा विरेचन केले जाते. वमनाने सर्व अन्न बाहेर पडते ही समजूत चुकीची असून बराचसा भाग तोपर्यंत पुढे गेलेला असतो. विरेचकांनी मुख्यत्वे पाणी व क्षार बाहेर पडतात. तथापि ‘मागाहून भरपाई करता येईल’ या विश्वासामुळे खाण्यावरील उरलासुरला धरबंधही सुटतो. मग अपराधी भावनेपोटी आणखी कडक नियम केले जातात आणि हे चक्र पुन्हा सुरू होते. यावरून केवळ मनोनिग्रहाच्या उपदेशाने हा विकार का बरा होत नाही, हे स्पष्ट होते. रुग्णापाशी मनोनिग्रहाचा अभाव नसतो. त्याचा अतिरेकी निग्रहच चक्राला गती देत असतो.

बोधात्मक वर्तनोपचार : ॲरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात अवसादाच्या रुग्णांसाठी विकसित केलेल्या बोधात्मक उपचारपद्धतीच्या धर्तीवर ऑक्सफर्ड येथील ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी बुलिमियासाठी खास उपचारपद्धती तयार केली व १९८१ मध्ये ११ रुग्णांवरील तिचे परिणाम प्रसिद्ध केले. रसेल यांनी दोनच वर्षांपूर्वी ज्याचे भवितव्य चिंताजनक म्हटले होते, त्या विकारात यांतील बहुतेक रुग्णांचे अतिभक्षण व वमन फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. रुग्णांची संख्या अल्प होती व तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. तरीही या निबंधामुळे पुढील संशोधनाला दिशा मिळाली.

हा उपचार साधारणपणे २० आठवड्यांत सु. २० बैठकींतून दिला जातो. त्याचे स्थूलमानाने तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात रुग्णाला वर सांगितलेल्या चक्राची कल्पना त्याच्याच अनुभवांच्या आधारे दिली जाते. काय खाल्ले, केव्हा, कोठे आणि त्या वेळी मनात काय चालले होते, याची नोंद त्याने त्या त्या वेळी करावयाची असते. आठवड्यातून एकदाच वजन करावयाचे असते. एरवी वजनकाट्यावर उभे राहणे टाळावयाचे असते. सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे नियमित आहार : दिवसातून तीन जेवणे व दोन किंवा तीन अल्पाहार ठरलेल्या वेळी घ्यावयाचे आणि दोहोंत सु. चार तासांपेक्षा अधिक अंतर पडू द्यावयाचे नाही. खाल्ल्याने वजन भरमसाट वाढेल ही भीती रुग्णाला वाटते; पण साप्ताहिक वजनाची नोंद पाहता ती बहुधा निराधार ठरते. अनेक रुग्णांत पहिल्या काही आठवड्यांतच आवेगांची संख्या लक्षणीय प्रमाणात घटते.

दुसऱ्या टप्प्यात आहाराचे कडक नियम एकेक करून सैल केले जातात. निषिद्ध मानलेले पदार्थ थोड्या प्रमाणात पुन्हा आहारात आणले जातात. आवेग आणणाऱ्या प्रसंगांना तोंड देण्यासाठी समस्या सोडविण्याची पद्धतशीर रीत शिकविली जाते. वारंवार आरशात पाहणे, शरीराची मापे घेणे, इतरांशी तुलना करणे अशा सवयींवर विचार केला जातो आणि बांध्यावरून स्वतःची किंमत करण्याची प्रवृत्ती तपासली जाते. शेवटच्या टप्प्यात उपचार संपल्यानंतरच्या काळाची तयारी करतात. एखादे वेळी चूक घडणे म्हणजे विकार उलटणे नव्हे, हा भेद रुग्णाच्या मनावर ठसविला जातो. फेअरबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या पद्धतीची सर्व आहारविकारांना लागू पडेल अशी विस्तारित मांडणी केली.

इतर पद्धती : (१) वर्तनोपचार : यात फक्त खाण्याच्या सवयी बदलण्यावर भर असतो, बांधा व वजन यांविषयीच्या विचारांना हात घातला जात नाही. (२) आंतरवैयक्तिक मानसोपचार : जेरल्ड क्लेरमन व मर्ना वाइसमन यांनी अवसादासाठी विकसित केलेल्या या पद्धतीत रुग्णाच्या नातेसंबंधांतील अडचणींवर, म्हणजे शोक, कलह, आयुष्यातील भूमिकांचे स्थित्यंतर व एकाकीपण यांवर लक्ष केंद्रित करतात. बुलिमियाच्या चाचण्यांत ही पद्धती वापरताना सुरुवातीच्या बैठकी संपल्यावर खाण्यापिण्याचा विषय मुद्दाम टाळला जातो. (३) मनोविश्लेषणात्मक उपचार : लक्षणांमागील अबोध संघर्ष व दडपलेल्या भावना यांचे आकलन व्हावे असा यात प्रयत्न असतो. (४) कुटुंबाधिष्ठित उपचार : किशोरवयीन रुग्णांसाठी असून यात आईवडिलांना दोषी न धरता मुलाचे खाणे पुन्हा सुरळीत करण्याची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविली जाते. (५) मार्गदर्शित स्वयंसाहाय्य : यात बोधात्मक वर्तनोपचाराच्या धर्तीवरील पुस्तिकेचा रुग्ण स्वतः अवलंब करतो आणि प्रशिक्षित व्यक्ती मोजक्या व छोट्या बैठकींतून त्याला आधार देते. यांखेरीज भावनांच्या नियमनावर भर देणारा द्वंद्वात्मक वर्तनोपचारही वापरला गेला आहे.

परिणामकारकता मोजण्याची रीत : एखादा रुग्ण उपचारांनंतर बरा झाला एवढ्यावरून तो उपचारांमुळे बरा झाला असे म्हणता येत नाही. काही रुग्ण कालांतराने आपोआप सुधारतात. आस्थेने ऐकून घेणारे कोणी भेटल्यानेही काहींना बरे वाटते. यासाठी रुग्णांची दोन वा अधिक गटांत यादृच्छिक रीतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, वाटणी करून प्रत्येक गटाला वेगळा उपचार देतात आणि कोणाला कोणता उपचार मिळाला हे ठाऊक नसलेल्या परीक्षकाकडून परिणाम मोजवून घेतात. ‘बरा’ कोणाला म्हणावयाचे हाही प्रश्न असतो. आवेगांची संख्या ७०-८० टक्क्यांनी घटली तरी महिन्यातून काही वेळा वमन चालूच राहू शकते. म्हणून मागील चार आठवड्यांत एकदाही अतिभक्षण वा वमन-विरेचन झाले नसेल, तरच पूर्ण लक्षणमुक्ती मानण्याचा कडक निकष अनेक चाचण्यांत लावला जातो. तसेच उपचार अर्धवट सोडून गेलेल्यांना गणनेतून वगळल्यास यशाचे प्रमाण फुगते. त्यामुळे आरंभी दाखल झालेल्या सर्वांचा हिशेब धरणे अधिक प्रामाणिक ठरते.

प्रमुख चाचण्यांचे निष्कर्ष : ऑक्सफर्ड येथे ७५ रुग्णांवर बोधात्मक वर्तनोपचार, निव्वळ वर्तनोपचार आणि आंतरवैयक्तिक मानसोपचार यांची तुलना करण्यात आली व तिचे दूरगामी परिणाम १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. निव्वळ वर्तनोपचाराच्या गटातील जवळजवळ निम्म्या रुग्णांनी उपचार सोडला वा त्यांचा उपचार थांबवावा लागला. उपचारांच्या शेवटी बोधात्मक वर्तनोपचार सरस होता. परंतु वर्षभराच्या पाठपुराव्यात आंतरवैयक्तिक उपचार घेतलेले रुग्ण सुधारत जाऊन त्यांच्या बरोबरीला आले. खाण्याविषयी क्वचितच बोलणारा उपचार खाण्याच्या विकारावर कालांतराने गुणकारी ठरावा, हे अनपेक्षित होते.

हा निष्कर्ष पडताळून पाहण्यासाठी अमेरिकेतील स्टॅनफर्ड व कोलंबिया या विद्यापीठांत स्ट्यूअर्ट ॲग्रस, टिमथी वॉल्श, फेअरबर्न इत्यादींनी २२० रुग्णांवर मोठी चाचणी घेतली (२०००). दोन्ही गटांना २० आठवड्यांत १९ बैठकी देण्यात आल्या. उपचारांच्या शेवटी कडक निकषानुसार बोधात्मक वर्तनोपचाराचे २९% आणि आंतरवैयक्तिक उपचाराचे केवळ ६% रुग्ण बरे झाले होते. उपचार पूर्ण करणाऱ्यांपुरता विचार केल्यास हे प्रमाण अनुक्रमे ४५% व ८% होते. वर्षभरानंतरच्या पाहणीत मात्र दोहोंतील फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय राहिला नाही. फेअरबर्न यांच्या विस्तारित पद्धतीची २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली तुलना बुलिमिया व इतर आहारविकारांच्या १३० रुग्णांवर केलेली होती. तीत उपचारांच्या शेवटी विकारातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण ६५·५% विरुद्ध ३३·३% आणि ६० आठवड्यांनंतर ६९·४% विरुद्ध ४९% आढळले. येथील निकष तुलनेने सौम्य होता, हे या आकड्यांकडे पाहताना ध्यानात ठेवावे लागते.

मनोविश्लेषणात्मक उपचाराची कसोटी डेन्मार्कमध्ये कोपनहेगन येथील चाचणीत लागली (२०१४). स्टिग पोल्सेन, सुसॅन लुन इत्यादींनी ७० रुग्णांपैकी ३४ जणांना दोन वर्षे दर आठवड्याला मनोविश्लेषणात्मक उपचार आणि ३६ जणांना पाच महिन्यांत २० बैठकींचा बोधात्मक वर्तनोपचार दिला. पाच महिन्यांनी अतिभक्षण व वमन-विरेचन पूर्ण थांबलेल्यांचे प्रमाण मनोविश्लेषणाच्या गटात ६% व दुसऱ्या गटात ४२% होते. दोन वर्षांनी ते अनुक्रमे १५% व ४४% होते. मनोविश्लेषणाच्या गटाला कितीतरी अधिक बैठकी मिळाल्या असूनही हे घडले. दोन्ही गटांतील रुग्णांची सर्वसाधारण मानसिक स्थिती कालांतराने सुधारली, हेही नमूद केले पाहिजे. पण ज्या लक्षणांमुळे देहाला धोका पोहोचतो ती लक्षणे थांबविण्याच्या बाबतीत दोहोंतील अंतर स्पष्ट होते. उपचारकाची आस्था व उपचारांचा दीर्घ कालावधी या गोष्टी आवश्यक असल्या, तरी विकाराच्या चक्रावर थेट घाव घालणाऱ्या तंत्राची उणीव त्या भरून काढीत नाहीत, असा या चाचणीचा अर्थ लावता येतो.

किशोरवयीनांच्या बाबतीत चित्र काहीसे वेगळे आहे. डॅनियल ल ग्रांज, जेम्स लॉक इत्यादींनी १२ ते १८ वर्षे वयाच्या १३० रुग्णांवर केलेल्या चाचणीत (२०१५) कुटुंबाधिष्ठित उपचारांनंतर ३९% आणि बोधात्मक वर्तनोपचारानंतर २०% रुग्ण लक्षणमुक्त झाले. सहा महिन्यांनी हे प्रमाण ४४% व २५% होते. एक वर्षानंतर ते ४९% व ३२% झाले. तथापि हा शेवटचा फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नव्हता. घरात राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत आईवडिलांना उपचारात सामील करून घेतल्यास लाभ लवकर होतो, असा निष्कर्ष यावरून निघतो.

औषधांशी तुलना : फ्लुओक्सेटीन हे अवसादविरोधी औषध दररोज ६० मिग्रॅ. या मात्रेत दिल्यास अतिभक्षण व वमन कमी होते, असे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८७ रुग्णांवरील चाचणीत दिसून आले. अवसादात ते सामान्यतः २० मिग्रॅ. या मात्रेत देतात. अमेरिकेतील औषध नियंत्रण संस्थेने बुलिमियासाठी मान्यता दिलेले हे एकमेव औषध होय. केवळ औषधाने पूर्ण लक्षणमुक्ती थोड्यांनाच मिळते. वॉल्श यांच्या १२० स्त्री-रुग्णांवरील चाचणीत (१९९७) बोधात्मक वर्तनोपचार व औषध यांचा संयुक्त उपचार नुसत्या औषधापेक्षा सरस ठरला. अवसादही असलेल्या रुग्णांत किंवा मानसोपचार उपलब्ध नसेल तेथे औषधाचा उपयोग होतो. मात्र त्याची निवड व मात्रा वैद्याच्या देखरेखीखालीच ठरविली पाहिजे. ब्रिटनमधील राष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी २००४ मध्ये या विकारासाठी बोधात्मक वर्तनोपचाराची सर्वोच्च श्रेणीची शिफारस केली. २०१७ च्या सुधारित सूत्रांनुसार प्रौढांना प्रथम मार्गदर्शित स्वयंसाहाय्य द्यावे, चार आठवड्यांत गुण न आल्यास वैयक्तिक बोधात्मक वर्तनोपचाराचा विचार करावा, किशोरवयीनांना कुटुंबाधिष्ठित उपचार द्यावा आणि केवळ औषधावर विसंबू नये, असे सुचविले आहे.

मर्यादा : या सर्व यशाला मर्यादा आहेत. ४५ यादृच्छिक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१८) दाखल झालेल्या सर्व रुग्णांचा हिशेब धरता उपचारांच्या शेवटी पूर्ण लक्षणमुक्त झालेल्यांचे प्रमाण २९·९% एवढेच आढळले. म्हणजे चांगल्या उपचारांनंतरही बहुसंख्य रुग्णांत काही लक्षणे शिल्लक राहतात. त्यांपैकी पुष्कळांची स्थिती पूर्वीपेक्षा बरीच सुधारलेली असते, हे खरे. तरी ‘सुधारणा’ व ‘मुक्ती’ यांतील फरक रुग्णाच्या दृष्टीने मोठा असतो.

कोणत्या रुग्णाला उपचार लागू पडेल हे आरंभी सांगणे कठीण असते. त्याचा सर्वांत विश्वसनीय संकेत उपचारांतच मिळतो. ॲग्रस व सहकाऱ्यांना आढळले, की सहाव्या बैठकीपर्यंत वमन-विरेचनाचे प्रमाण ७० टक्क्यांपेक्षा कमी प्रमाणात घटले असेल, तर अखेरचा परिणाम असमाधानकारक असण्याची शक्यता बरीच असते. या निष्कर्षाचे व्यावहारिक महत्त्व मोठे आहे. महिन्याभरात फारशी प्रगती नसेल, तर तोच उपचार तसाच चालू ठेवण्याऐवजी त्यात फेरबदल करण्याचा किंवा अन्य उपचारांची जोड देण्याचा विचार वेळीच करता येतो. रुग्णाला दोष देण्याचे मात्र त्यात कारण नाही.

दीर्घकालीन चित्र तुलनेने आशादायक आहे. निदानानंतर सरासरी साडेअकरा वर्षांनी पाहणी केलेल्या १७३ स्त्रियांपैकी सु. ३०% स्त्रियांत अतिभक्षण वा वमन-विरेचन चालू असल्याचे १९९९ मध्ये अमेरिकेत आढळले, उरलेल्या सु. ७०% त्यातून बाहेर आल्या होत्या. अर्थात दहा वर्षांनी बरे होणे व सहा महिन्यांत बरे होणे यांत रुग्णाच्या शिक्षणाची, नोकरीची, विवाहाची व आरोग्याची अनेक वर्षे खर्ची पडतात. उपचारांचे खरे मोल ही वर्षे वाचविण्यात आहे.

उपलब्धता व भारतीय संदर्भ : वर उल्लेखिलेल्या चाचण्या ब्रिटन, अमेरिका व यूरोपातील देशांत झालेल्या आहेत. त्यांचे निष्कर्ष अन्य समाजांना लावताना तारतम्य बाळगावे लागते. भारतात धार्मिक उपवास ही सर्वमान्य प्रथा आहे. एकादशी वा संकष्टीचा उपवास हे विकाराचे लक्षण नव्हे; परंतु वजनाच्या भयाने केलेले लंघन उपवासाच्या आड लपू शकते. म्हणून उपवास आहे की नाही यापेक्षा तो कशासाठी केला जातो व तो सुटल्यावर काय घडते, हे विचारणे निदानाच्या दृष्टीने उपयुक्त ठरते. नियमित आहाराची योजना आखतानाही घरातील जेवणाच्या वेळा, एकत्र स्वयंपाक आणि बाहेर खाण्याचे प्रसंग विचारात घ्यावे लागतात.

दुसरी अडचण प्रशिक्षित उपचारकांच्या तुटवड्याची आहे. अमेरिकेत जेम्स मिचेल व सहकाऱ्यांनी १२८ प्रौढ रुग्णांवर केलेल्या चाचणीत (२००८) दूरचित्रसंवादाद्वारे दिलेल्या बोधात्मक वर्तनोपचाराचे परिणाम समक्ष भेटीतील उपचारांच्या जवळपास आढळले. विस्तीर्ण ग्रामीण प्रदेश असलेल्या देशांच्या दृष्टीने हा निष्कर्ष महत्त्वाचा आहे. भारत सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘टेली मानस’ या सेवेद्वारे १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याविषयी दूरध्वनीवरून सल्ला मिळू शकतो. विकार लपविणाऱ्या व्यक्तीला पहिले पाऊल टाकण्यास अशा सेवेचा उपयोग होऊ शकतो.

सारांश, बुलिमिया नर्व्होसा हा बरा होण्याजोगा विकार आहे आणि प्रौढांत बोधात्मक वर्तनोपचार, तर किशोरवयीनांत कुटुंबाधिष्ठित उपचार यांना प्रायोगिक पुराव्याचे सर्वाधिक पाठबळ आहे. आंतरवैयक्तिक मानसोपचार हा सावकाश पण टिकाऊ गुण देणारा पर्याय होय. कोणताही उपचार सर्वांना लागू पडत नाही. तथापि योग्य उपचार लवकर मिळाल्यास सुधारणा काही आठवड्यांतच दिसू लागते. रसेल यांनी ज्या विकाराचे भवितव्य चिंताजनक मानले होते, त्याविषयी एवढे निश्चितपणे सांगता येणे ही गेल्या चार-पाच दशकांतील संशोधनाची महत्त्वाची फलश्रुती आहे. मात्र हे ज्ञान रुग्णापर्यंत पोहोचण्यातील सर्वांत मोठा अडथळा अद्यापही विकाराविषयी वाटणारी लाज व त्यामुळे होणारा विलंब हाच आहे.